डाव्या रकान्यातलं माहेर

माझ्या मुलीला बाळंतपणासाठी दवाखान्यात घेणार नाहीत, हे मला माझ्या विहीणबाईंनी माझ्याच स्वयंपाकघरात, माझाच चहा पीत सांगितलं. वर भडंगही मागून घेतलं. धीट माणसांचं मला कौतुक आहे, पण कौतुकालाही काही हद्द असते.

विहीणबाई म्हणजे डॉक्टर अश्लेषा इंगवले, हिरवड तालुक्याच्या आरोग्य अधिकारी. मी वर्षाराणी खराडे, इथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्यांचा ऋतुराज आणि माझी इरावती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून सातवा महिना लागताच इरा माझ्याकडे आली होती. घरात आम्ही तिघी: इरा, मी आणि माझी आई शालन. माझे यजमान वारल्यापासून आई माझ्याकडेच असते.

"इरानं अजून निवाडा घेतलेला नाही," विहीणबाई म्हणाल्या. "शुक्रवारी तुमच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये शिबिर आहे. तिला घेऊन या. मनगटावर डोसची हिरवी पट्टी नसेल तर प्रसूती विभागाचं दार उघडत नाही. यंत्राचं दार आहे ते. मी अधिकारी असले तरी मलाही उघडता येत नाही."

"आणि दार तुमच्याच विभागाचं," मी म्हणाले.

"माझंच. म्हणून तर आत ताप शिरत नाही."

त्या खोटं बोलत नव्हत्या. आता ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. गेल्या काही वर्षांत जंतूंवरची औषधं एकेक करून हरत गेली. सोनोग्राफी, रोबो, घरबसल्या तपासणी, सगळं होतं. पण साधा काटा रुतून चिघळला तर माणूस दगावत होता. बाळंतिणींचे हाल तर विचारू नका. विहीणबाईंची सख्खी धाकटी बहीण बाळंतपणानंतरच्या तापात गेली. सहा औषधं दिली, सहाही पाण्यासारखी वाहून गेली. त्यानंतर निवाडा आला आणि विहीणबाईंनी तो आपल्या तालुक्यात अक्षरशः भांडून आणला. त्यांच्या जागी मीही भांडले असते.

निवाडा काय करतो ते मला चांगलं ठाऊक होतं. मी वर्षानुवर्षं फळ्यावर जो तक्ता काढते, त्याच तक्त्यावर ते औषध बेतलेलं आहे. मध्ये एक उभी रेघ. डाव्या रकान्यात आदिकेंद्रकी पेशी, म्हणजे जिवाणू. एका खोलीचा संसार: चूल तिथंच, अंथरूण तिथंच. केंद्रक नाही, डीएनएचं कडं मोकळंच पडलेलं, आत भिंती नाहीत, आणि प्रथिनं बनवणारे रायबोसोम लहान बांध्याचे. उजव्या रकान्यात दृश्यकेंद्रकी पेशी, म्हणजे आपण, झाडं, बुरशी, मुंग्या. यांचं घर खोल्याखोल्यांचं. डीएनए केंद्रकाच्या खोलीत कडीकुलपात, प्रत्येक कामाला वेगळी जागा, आणि रायबोसोम थोराड. निवाडा नाकात फवारतात. त्याचे कण रक्तातून पेशीपेशीत जातात, कित्येक महिने अंगात मुक्काम करतात आणि फक्त रायबोसोम चाचपतात. थोराड निघाला तर सोडून देतात. लहान निघाला तर त्याला असे चिकटतात की तो कायमचा जाम होतो. डावा रकाना मरतो, उजवा जगतो. कंपनीनं नावही काय चपखल ठेवलं होतं!

"एक प्रश्न नियम म्हणून विचारायचा असतो," विहीणबाईंनी चहाचा शेवटचा घोट घेऊन अर्ज काढला. "घराण्यात कुणाचे औषधानं कान गेले आहेत का? असतील तर डोस थांबवून तपासणी करायची, असं कंपनीनंच लिहिलं आहे."

"छे," मी म्हणाले. मी डोळ्यांसमोर समस्त खराडे आणले होते. सासरे, दीर, चुलतसासरे, सगळे भिंतीपलीकडचं ऐकणारे.

आई समोरच शेंगा सोलत बसली होती. तिनं विहीणबाईंचे ओठ वाचले आणि आपल्या खणखणीत आवाजात, जो ऐकून रस्त्यावरची माणसं थबकतात, ती म्हणाली, "आमच्या घराण्यात? काय बोलताय! समद्यांचं कान धडधाकट हैत!"

इरा खुदकन हसली. विहीणबाईही हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. कारण माझी आई ठार बहिरी आहे. अगदी कानापाशी ओरडलं तर तिला काहीतरी पोचतं, एरवी ती सगळ्या जगाचे ओठ वाचून जगते.

"आई," मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "अगं, तू?"

"माझं कान तापात गेलं. त्ये काय घराण्यातलं न्हवं."

"आणि इंदूमावशीचे?"

"तिलाबी ताप आला न् सुया टोचल्या. पण इंदी कुठं आपल्या घराण्यात? ती भोसल्याच्यात दिली."

"आणि तुझी मावशी?"

"ती तर लांब, रेठऱ्याला." आईनं शेंग फोडली. एका बहिऱ्या बाईनं, जिच्या बहिणीचे आणि मावशीचेही कान सुयांनी गेले, तिनं घराण्यात कुणी बहिरं नाही अशी ग्वाही दिली होती. आणि त्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्याकडे बाईला घराणं विचारलं की ती सासरचं सांगते, पुरुषाला विचारलं की तो बापाचं सांगतो. आईकडचं कुणी कधी मोजतच नाही.

"ते 'नाही' खोडा," मी विहीणबाईंना म्हणाले.

"कशासाठी? तो ताप टायफॉइडचा असेल. टायफॉइडनं कान जाऊ शकतात."

"टायफॉइडनं नाही, टायफॉइडवरच्या सुयांनी. विहीणबाई, तुम्ही डॉक्टर आहात. आईकडून काय येतं ते मी सांगू का तुम्हाला?"

त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांना कळलं होतं. इराला मात्र मी सांगितलं, कारण तिनं अकरावीत माझ्याच वर्गात बसून खिडकीबाहेर बघण्यात वर्ष घालवलं होतं.

अब्जावधी वर्षांपूर्वी एका मोठ्या पेशीनं एक जिवाणू गिळला. गिळला, पण पचवला नाही. तो आत राहिला, ऊर्जा बनवून द्यायला लागला, आणि हळूहळू घरचाच झाला. त्यालाच आपण तंतुकणिका म्हणतो. उजव्या रकान्यातल्या आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत त्या शेकड्यांनी आहेत. राहतात उजवीकडे, पण त्यांचं माहेर डावीकडे. अजूनही त्यांचा डीएनए वेगळा, कड्यासारखा. अजूनही त्यांचे रायबोसोम जिवाणूंच्या वळणाचे. आणि त्या येतात फक्त आईकडून. बापाच्या तंतुकणिका बीजांडात शिरल्या तरी तिथंच नष्ट होतात. माझ्या घरात दही लागतं ते माझ्या आजीच्या विरजणानं. आईनं ते लग्नानंतर सासरी नेलं, मी नेलं, इरानंही डबीत घालून नेलं. दूध प्रत्येकीच्या सासरचं असतं, विरजण मात्र माहेरचंच चालत आलेलं. तंतुकणिकांचं अगदी तसंच आहे.

"कंपनीला हे माहीत आहे," विहीणबाई म्हणाल्या. "तंतुकणिकेचा रायबोसोम थोडा बदललेला असतो. निवाडा त्याला चिकटत नाही. हजारो माणसांवर तपासलंय."

"थोडा बदललेला असतो, बरोबर. पण काही घरांत डीएनएच्या एकाच अक्षराची चूक असते, आणि त्या चुकीनं तो पुन्हा हुबेहूब जिवाणूसारखा दिसायला लागतो. जुन्या सुया त्याला चिकटायच्या. निवाडा तर त्यांच्या दसपट चिकट. आणि सगळ्यात आधी मरतात कानाच्या आतल्या पेशी, कारण त्यांना ऊर्जा फार लागते. मेल्या की परत उगवत नाहीत." मी इराच्या पोटाकडे पाहिलं. "तिच्याही नाहीत आणि आतल्याच्याही."

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "अख्ख्या तालुक्यात घरोघरी हा प्रश्न विचारला. एकाही घरानं हो म्हटलं नाही. म्हणून तपासणीचे संच गेल्या महिन्यात परत गेले. आता सूट द्यायची सोयच उरलेली नाही. आणि खरं सांगू? डोस नको असलेल्या प्रत्येकाला अचानक कुठली तरी बहिरी मावशी आठवते. पट्टीशिवाय आलेली एक बाई तीस बाळंतिणींना धोक्यात घालते. माझी बहीण अशाच वॉर्डात गेली."

"मग तपासणी होईपर्यंत थांबा."

"इराचे दिवस थांबणार आहेत का?"

त्या गेल्यावर इरा म्हणाली, "आई, मी डोस घेणार आहे."

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"अशी बघू नकोस. ऋतुराजच्या मावशीचा फोटो रोज माझ्यासमोर असतो. हळद लावलेली, हसणारी. ती माझ्याहून लहान होती गं. आजीला ताप आला, कान गेले. इंदूआजीला ताप आला, कान गेले. योगायोग असेल. तुझ्या तक्त्यातल्या एका अक्षरासाठी मी मरू का?"

यानंतर मी जे बोलले ते एका आईनं सात महिन्यांच्या पोटुशीला बोलायला नको होतं, आणि तिनं जे उत्तर दिलं तेही तिच्या तोंडी शोभण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी ऋतुराजचा फोन आला. "मामी, इराला इकडंच घेऊन येतो. बाळंतपण आमच्याकडं करू." आवाज नरम होता, पण विचारत नव्हता. इरानं बॅग काढली.

इतका वेळ आई पलंगावर बसून आमची तोंडं बघत होती. तिनं बरंचसं वाचलं असणार. ती उठली, इराच्या हातातली घडी घातलेली साडी काढून घेतली आणि तिला शेजारी बसवलं.

"इरे, मी नवाची असंन," ती म्हणाली. "ताप काय उतरंना. डाक्टर रोज यायचा न् सुई टोचायचा. ताप गेला. येक दिस सकाळी उठले, तर घरात समदी गप. आई चुलीम्होरं बसल्याली, तिचं तोंड हालतंय, पर ती बोलंना. बा बोलंना, चुलता बोलंना. मला वाटलं, माझंच कायतरी चुकलं. म्हणून समद्यांनी माझ्याशी अबोला धरलाय. मी गोठ्यात जाऊन बसले न् रडले. लई रडले. मला म्हाईतच न्हवतं गं, की माझं रडणं मलाच ऐकू येत न्हाई."

हे मी पन्नास वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं, मी सुद्धा नाही. इरा तिच्या मांडीवर डोकं ठेवून किती तरी वेळ पडून राहिली.

मग ती उठली आणि मला म्हणाली, "शुक्रवारपर्यंत वेळ आहे. दोघी-तिघींवरून मी ठरवणार नाही. आणखी दाखव. दाखवलंस तर यंत्राचं दार गेलं खड्ड्यात. नाही दाखवलंस तर डोस घेईन आणि तू एक शब्द बोलायचा नाहीस."

माझीच पोरगी. सौदा असा करते की समोरच्याला नाही म्हणता येत नाही.

दोन दिवस मी फोनला चिकटून बसले. इंदूमावशीची मुलगी, रेठऱ्याच्या आजीची नात, आणि त्यांच्याकडून आणखी कुणाकुणाच्या नणंदा-भावजया. पहिला प्रश्न विचारला की सगळ्यांचं एकच: "आमच्याकडं कुणी नाही." मग मी विचारायचे, "आईकडं?" मग, "आईच्या आईला ऐकू यायचं नाही. पण ते म्हातारपणानं असेल." दोन-चार नावं मिळाली, पण ती आमच्याच गोतावळ्यातली. एवढ्यावर विहीणबाई हलल्या नसत्या आणि इराही.

आणि मग मला आठवलं, की शुक्रवारच्या शिबिरात प्राचार्यांनी मला भाषण करायला सांगितलं होतं. लोकांच्या मनातली भीती जावी म्हणून सोप्या भाषेत, फळ्यावर, जिवाणू आणि माणूस यांच्या पेशींतला फरक समजावून द्यायचा. मी नाही म्हणणार होते. मी प्राचार्यांना फोन केला आणि येते म्हणाले.

शुक्रवार बायकांचा होता, पुरुषांची पाळी शनिवारी. हॉल दारापर्यंत भरला होता. स्टेजवर एका बाजूला विहीणबाई आणि त्यांच्या परिचारिका, समोर पांढऱ्या पेटीत निवाड्याच्या कुप्या. ऋतुराज दारात नावं लिहून घेत होता. इरा आणि आई पहिल्या रांगेत येऊन बसल्या. इरानं माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या: बघू या.

मी मध्ये रेघ ओढली. डावा रकाना, उजवा रकाना. एक खोली, अनेक खोल्या. लहान रायबोसोम, थोराड रायबोसोम. बायका मान डोलावत होत्या, प्राचार्य खूश होते. "हा फरक खरा आहे," मी म्हणाले. "निवाडा या फरकावर चालतो आणि तो चांगला चालतो. ज्यांना चालतो त्यांनी आजच घ्यावा, मागं राहू नये." विहीणबाईंचे खांदे सैल पडले.

मग मी उजव्या रकान्यात एक लहानसा गोल काढला आणि त्याच्यापासून डाव्या रकान्याकडे बाण ओढला. तंतुकणिकांची गोष्ट सांगितली, विरजणासकट. विरजण म्हटल्यावर हॉलमधली कुजबूज थांबली. दह्याबद्दल कुणी बोललं तर बायका ऐकतातच.

"तुम्हाला दारावर येऊन विचारलं, घराण्यात कुणाचे औषधानं कान गेलेत का. तुम्ही नाही म्हणालात. मीही नाही म्हणाले, आणि ही माझी आई, हिनंही नाही म्हटलं." आई बहिरी आहे हे अर्ध्या हॉलला माहीत होतं. हशा पिकला. "आता घराणं विसरा. सासर विसरा, बापाचं आडनाव विसरा. आई आठवा. आईची आई, तिच्या बहिणी, मावश्या, मावसबहिणी. सुया टोचल्यावर, क्षयाची नाहीतर तापाची औषधं घेतल्यावर कुणाचे कान गेले? हात वर करा."

कुणीही हात वर केला नाही. प्राचार्य घड्याळ बघू लागले. ऋतुराज दारातून पुढे आला, "मामी, बास आता," असं हळू आवाजात म्हणाला आणि माईकची वायर शोधू लागला.

"माझी मावशी हाय की," मागून आवाज आला. सुतारांची कमळाक्का. "लहानपणी क्षयाच्या सुया घेतल्या. पर ती कोरेवाडीची."

"माझ्या आईची आईबी कोरेवाडीची!" माझी आई ओरडली. कमळाक्का उभी राहिली होती, म्हणून तिला ओठ दिसले होते.

मग तस्लीम उठली, बसस्टँडवरच्या बेकरीवाल्यांची सून. "मेरी अम्मीचे कान गेलेत, बाई. टीबीच्या इंजेक्शननं. आम्ही म्हणायचो, नशीब." मग कोपऱ्यात दोघी एकदम. मग एक शिक्षिका. बायका वळून वळून एकमेकींना विचारू लागल्या, तुझी आई कुठली, आजी कुठली. आमच्याकडे सोयरिकी होतात त्या पाच-दहा कोसांत. एखाद्या आजीला ती चूक लागली की तिच्या लेकी, लेकींच्या लेकी वेगवेगळ्या आडनावांखाली सगळ्या पंचक्रोशीत विखुरतात. हात वर जात होते आणि खाली येत नव्हते.

शेवटी स्टेजवरची एक परिचारिका कुप्यांच्या पेटीमागून पुढे आली. दारोदार जाऊन तो प्रश्न विचारणाऱ्यांपैकी ती एक होती. "मॅडम," ती विहीणबाईंना म्हणाली, "माझी आजी. मला तर कधी सुचलंच नाही." ती रडायला लागली.

विहीणबाई उठल्या. माझ्यापाशी येऊन त्यांनी हात पुढे केला. "माईक द्या, बाई."

मी माईक घट्ट धरला.

"द्या म्हणते ना."

मी दिला. मला वाटलं, संपलं. त्यांनी हॉलकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेतल्या आमच्या इराकडे, आणि म्हणाल्या, "यातले काही कान वयानं गेले असतील, काही दुसऱ्या आजारानं. ते तपासणीत कळेल. पण ज्यांनी ज्यांनी हात वर केलाय, त्यांना आणि त्यांच्या लेकरांना आज डोस मिळणार नाही. त्यांनी डावीकडं बसा. बाकीच्यांनी रांग लावा."

त्यांचा फोन वाजायला वेळ लागला नाही. कुणीतरी वर कळवलं होतं. त्या स्टेजच्या कडेला उभं राहून बोलल्या. "हो सर. नाही सर. संच परत मागवा. तोपर्यंत नाही." पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, इतका मोठा. "सर, मग आदेश लेखी पाठवा आणि खाली तुमचं नाव घाला," त्या म्हणाल्या. त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि तो वाजत असताना त्या पुढच्या बाईच्या नाकात फवारा मारत राहिल्या. त्या क्षणी माझ्या विहीणबाईंचा मला जो अभिमान वाटला, तो मी अजून त्यांना बोलून दाखवलेला नाही. चढून जातील.

आदेश लेखी आला नाही. संच आले. डावीकडे बसलेल्या बऱ्याच जणींमध्ये ते चुकीचं अक्षर निघालं, काहींमध्ये नाही. कमळाक्कात निघालं, तस्लीममध्येही. त्या परिचारिकेत निघालं. माझ्यात आणि इरात तर निघणारच होतं. कंपनीनं पत्रक काढलं की असे लोक अत्यल्प आहेत. अत्यल्प म्हणजे किती, हे त्यांनी आमच्या हॉलमध्ये येऊन सांगावं. तालुक्याचं शिबिर बिघडवल्याबद्दल मला नोटीस मिळाली आणि माझी वेतनवाढ अडकली. विहीणबाईंची बदली दूरच्या डोंगरातल्या केंद्रात झाली. जायची तारीख इराच्या तारखेनंतरची होती, तेवढं त्यांनी भांडून घेतलं.

आणि यंत्राचं दार तसंच बंद राहिलं. हिरवी पट्टी नाही म्हणजे प्रवेश नाही. सुटीचा नियम अजून "विचाराधीन" होता.

कळा सुरू झाल्या तेव्हा विहीणबाईंनी आम्हाला त्या दाराकडे नेलंच नाही. दवाखान्याच्या आवारात लसी ठेवायची एक जुनी खोली होती. तिला साधं पितळी कुलूप होतं. "ते दार मला उघडत नाही," त्या म्हणाल्या, "पण हे माझ्या किल्लीनं उघडतं." मी आणि ऋतुराजनं मिळून ती खोली आदले चार दिवस घासली होती. चादरी उकळल्या, भिंती धुतल्या, माणूस आत जाण्याआधी हात कोपरापर्यंत घासायचे. निवाडा नव्हता, म्हणून डाव्या रकान्याशी आम्ही साबण, उकळतं पाणी आणि कडक ऊन घेऊन लढलो. जावई कोपऱ्यात बसून फरशीच्या फटी दात घासायच्या ब्रशनं साफ करत होता. त्याला मी तेव्हाच माफ करून टाकलं.

मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी इराला ताप भरला.

त्या तापाबद्दल मला फार लिहवत नाही. इरा थरथरत होती आणि मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या हट्टानं माझी पोर जाणार, एवढं एकच डोक्यात घुमत होतं. विहीणबाई तिच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांच्या बहिणीच्या उशाशी त्या अशाच बसल्या असणार. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, इराचं अंग पुसलं, छाती तपासली, आणि बऱ्याच वेळानं मान वर केली. "दूध उतरतंय," त्या म्हणाल्या. "दुधाचा ताप आहे, वर्षाताई. फक्त दुधाचा." पहिल्यांदाच त्यांनी मला ताई म्हटलं. आम्ही दोघी खोलीबाहेर गेलो आणि नळाशेजारी उभं राहून ओक्साबोक्शी रडलो.

बारसं माझ्या घरी झालं. खोली बायकांनी गच्च भरलेली, निम्म्या डावीकडे बसलेल्यांपैकी. पाळणा फुलांनी सजवलेला. ऋतुराजची बहीण, मुलीची आत्या, पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन तिनं नाव सांगितलं आणि "कुर्रर्र" केलं. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. बाळ निवांत झोपलेलं. मी उगीच वाकून बघितलं. जन्मताच कान तपासले होते, उत्तम होते, तरी बघितलं.

आई पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला बसली होती. आत्याचं तोंड बाळाच्या कानाशी, त्यामुळे तिला ओठ दिसले नव्हते.

"काय नाव ठिवलं?" तिनं विचारलं.

"सई," इरा म्हणाली.

"काय?"

"सई," आत्या म्हणाली.

"अगं नीट सांगा की! येकीचंबी तोंड दिसंना!"

विहीणबाईंनी सगळ्यांना खूण केली. तालुक्याच्या आरोग्य अधिकारी, बदलीची बॅग दारात भरून ठेवलेल्या. त्यांनी बोटांवर एक-दोन-तीन मोजलं आणि अख्खी खोली एका दमात ओरडली:

"सईऽऽऽ!"

पाळण्यातलं गाठोडं दचकलं. दोन्ही मुठी वर उडाल्या, तोंड लालबुंद झालं, आणि पोरीनं असा टाहो फोडला की ओट्यावरचा काचेचा ग्लास किणकिणला. खोलीतली एकही बाई तिला उगी करायला पुढे झाली नाही. कमळाक्का हसत होती, तस्लीम डोळे पुसत होती, विहीणबाई दोन्ही करत होत्या.

आई गोंधळून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. "काय झालं? का रडती ती?"

मी तिच्या समोर गेले, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सावकाश म्हणाले, "तिला ऐकू आलं, आई."

तिनं माझे ओठ वाचले. पुन्हा एकदा वाचले. मग तिनं पाळण्यात हात घालून रडणाऱ्या सईला उचललं आणि त्या इवल्या छातीवर आपला तळवा ठेवला. रडणं तिला तिथं हाताला लागत असावं.

"मग रडू दे," ती म्हणाली. "मोठ्यांदा रडू दे."